जीप चढ का चढत नाही?

आमचे गाव डोंगराच्या पोटात आहे. वर डांबरी सडक, खाली गाव. मध्ये सहा किलोमीटरचा कच्चा घाट. या घाटात एसटी उतरत नाही. उतरते ती जीप.

२०१२ सालच्या श्रावणातली गोष्ट. शेजारच्या घरची सून अडली होती. आशाताई म्हणाली, "हितं थांबू नका. गाडी काढा." १०८ नंबरची रुग्णवाहिका तेव्हा आपल्या राज्यात सुरू झाली नव्हती. गावात गाडी एकच, माझ्या पुतण्याची जुनी डिझेल जीप. सूनबाईला मागे गोधडीवर निजवले. सासू, नवरा, दीर, आशाताई, मी, असे सगळे बसलो. टपावर दुधाचे चार भरलेले कॅन होते. ते उतरवायचे कुणाला सुचले नाही.

चौथ्या वळणावर जीप थांबली. मागून काळाभोर धूर. पुतण्याने पहिला गिअर टाकला. जीप चार हात पुढे गेली आणि बंद पडली. आम्ही उतरलो. चाकामागे दगड लावले. कॅन खाली घेतले. गड्यांनी मागून रेटा दिला तेव्हा गाडी हलली. सूनबाई, सासू आणि आशाताई तेवढ्या गाडीत, बाकीचे चिखल तुडवीत मागे. दवाखाना गाठेपर्यंत तिन्हीसांज झाली. बाळ आणि बाळंतीण दोघेही वाचली. पण तासभर उशीर झाला होता. डॉक्टरीणबाई आम्हाला बोलल्या त्या अजून माझ्या कानात आहेत.

परत येताना पुतण्या म्हणाला, "तात्या, इंजिनच लहान हाय. मोठं बसवतो." सगळ्यांनी मान डोलावली. मी जन्मभर पोरांना गणित शिकवले. म्हटले, इंजिन लहान आहे की नाही हे आधी मांडून तर बघू.

मंडळी, ते गणित तुम्हीही मांडू शकाल. तुमच्या विहिरीवर तीन एचपीची, पाच एचपीची मोटर असते. एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, घोड्याची ताकद. तिचे माप असे : पंचाहत्तर किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर वर उचलायचे, म्हणजे साधारण एक एचपी. इथे तीन गोष्टी आल्या. ओझे किती, उंची किती आणि वेळ किती.

आता आमची जीप. माणसे, कॅन, सगळे धरून वजन दोन हजार किलो. चौथ्या वळणावर चढ असा की पाच मीटर पुढे गेले की गाडी एक मीटर वर येते. समजा जीप सेकंदाला पाच मीटर धावली, म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. तर ती सेकंदाला एक मीटर वर चढते. दोन हजाराला पंचाहत्तरने भागा. सत्तावीस एचपी झाले. खड्डे आणि चिखल यांच्यासाठी आणखी थोडे धरा.

आणि जीपच्या इंजिनाची ताकद? नवे होते तेव्हा साठच्या आसपास एचपी!

पुढे बघा. वेग निम्मा केला, ताशी नऊ किलोमीटर केला, तर ताकदही निम्मी लागते. साडेतेरा एचपी पुरतात. विहिरीवरच्या पाच एचपीच्या तीन मोटरी झाल्या म्हणा. साठ एचपीच्या गाडीला हे जड का जावे? मग अडले कुठे? एक तर साठातले बरेच वाटेत गळत असणार. दुसरे, उरलेली ताकद चाकापर्यंत नीट पोचत नसणार. मोट ओढताना बैल जोर करतात, पण मोटेला भोक असेल तर पाटात पाणी किती येईल? तसेच हे.

इथे पुतण्याने एक गोष्ट कबूल केली. दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजवाल्याने त्याला सांगितले होते, "पंपाचा स्क्रू थोडा फिरवतो, पिकअप वाढेल." पैसे घेतले, स्क्रू फिरवला. दोन दिवस गाडी पळाल्यासारखी वाटली. मग धूर वाढला, डिझेल जास्त पिऊ लागली, इंजिन तापू लागले.

असे का झाले ते सांगतो, कारण ही चूक गावोगाव होते. इंजिन म्हणजे चूलच आहे. चुलीत लाकूड जास्त कोंबले आणि वारा लागू दिला नाही, तर जाळ होत नाही, धूर होतो. डिझेलचेही तसेच. एक लिटर डिझेल पुरते जळायला निदान दहा हजार लिटर हवा लागते. उन्हाळ्यात गावाला पाण्याचा टँकर येतो ना, दहा हजार लिटरचा? एका लिटरला तेवढी हवा! पंपाचा स्क्रू फिरवला की डिझेल जास्त येते. हवा कुठून जास्त येणार? मग न जळालेले डिझेल काजळी होऊन मागून बाहेर पडते. काळा धूर म्हणजे तुमचे पैसे हवेत. जे जळते तेही जागेवर न जळता मागे रेंगाळत जळते, म्हणून इंजिन तापते. फार तापले तर पिस्टनच वितळतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. साठीच्या पुढचे गृहस्थ. सरकारी जीपांवर त्यांचे हात काळे झालेले. पुतण्या म्हणाला, "मोठं इंजिन बसवायचं हाय." मिस्त्री हसले. म्हणाले, "बसवू की. आधी हाय ते बघू द्या."

त्यांनी पहिल्यांदा हवेचा डबा उघडला. यालाच एअर फिल्टर म्हणतात. जुन्या जीपेत हा डबा तेलाचा असतो. तळाला तेल, वर तारांची जाळी. बाहेरची हवा तेलावरून वळते, धूळ तेलात अडकते, स्वच्छ हवा इंजिनात जाते. आमच्या डब्यात तेल नव्हतेच. होता तो काळा चिखल, बोटाच्या दोन पेरांएवढा. जाळीही बुजलेली. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, ह्या गाडीचं नाक दाबलंय आणि तुम्ही म्हणताय पळत न्हाई."

तो डबा धुणे घरचे काम आहे. डिझेलने धुवावा, जाळी झटकून वाळवावी, खुणेपर्यंत नवे इंजिन ऑइल भरावे. खुणेच्या वर भरू नये, नाहीतर इंजिन ते तेल ओढून घेते. धुताना जवळ बिडीकाडी नको. ज्या गाडीत कागदाचा फिल्टर असतो तो मात्र धुवायचा नाही, बदलायचा. उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावर धूळ घोट्याएवढी. तेव्हा पंधरा दिवसांनी डबा उघडून बघावाच लागतो.

मग नोझल काढून तपासायला दिले. नोझलमधून डिझेल धुक्यासारखे उडाले पाहिजे. आमच्या चारांपैकी दोन थेंब थेंब गळत होते. थेंब नीट जळत नाही. टॅपेटची फट बसवली. डिझेलचा फिल्टर बदलला. पंपाचा स्क्रू चाचणीच्या यंत्रावर लावून मूळ मापावर आणला. धुराचा रंगही मिस्त्रींनी समजावून दिला. काळा धूर, हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा धूर, इंजिनातले ऑइल जळते आहे. सकाळी गार इंजिन सुरू करताना थोडा पांढरा धूर येतोच, पण गरम झाल्यावरही येत राहिला तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे.

इंजिन झाले. आता ताकद चाकापर्यंत जाते का?

क्लच तपासायची रीत सोपी आहे, पण जपून करावी. सपाट जागा हवी. चाकांना पुढून-मागून दगड लावा, समोरून माणसे दूर करा, हँडब्रेक ओढा. वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन तिथल्या तिथे बंद पडले तर क्लच चांगला. चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. आमचे चालूच राहिले. म्हणजे घाटात इंजिन ओरडत होते आणि त्यातली बरीच ताकद क्लचच्या प्लेटीत नुसती उष्णता होऊन जात होती. घाटात जळका वास येतो तो याचाच. ही परीक्षा एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळेल.

मग जॅकवर एकेक चाक उचलून हाताने फिरवले. मागचे डावे चाक फिरेना. ब्रेक आतून चिकटून बसला होता. विचार करा, एक गडी बैल ओढतोय आणि दुसरा त्याची शेपूट धरून बसलाय! हे घरीही कळते. चार-पाच किलोमीटर ब्रेक कमी वापरून गाडी चालवा. उतरून चारही चाकांच्या मध्याजवळ हात न्या. एकच चाक फार तापले असेल तर तिथला ब्रेक चिकटतो. एकदम हात टेकवू नका, भाजेल.

टायर बघून मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. आधीच्या मालकाने रुबाबासाठी मोठे टायर घातले होते. मोठे चाक खडकावरून जाते, हे खरे. पण त्याची किंमत द्यावी लागते. इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत मोठे चाक जास्त अंतर जाते. म्हणजे तेवढ्याच जोरात जास्त लांब ओढायचे. मूळ टायर अठ्ठावीस इंच उंच आणि नवे एकतीस इंच, तर जमिनीवरची ओढ दहावा हिस्सा कमी होते. शिवाय टायरही जड.

जड म्हटल्यावर वजनाची आठवण झाली. ऊस नेतो त्या कारखान्याच्या वजनकाट्यावर आम्ही रिकामी जीप घातली. मग टपावरचे लोखंडी कॅरिअर, पुढचे जाड बंपर, दुसरे जादा चाक आणि सीटखालची हत्यारांची पेटी काढून पुन्हा घातली. एकशे साठ किलोचा फरक! तीन माणसे रोज फुकट फिरत होती.

वजनाची एक खरी हकिगत सांगतो. ती जीपच्या जन्माचीच आहे. १९४० साली अमेरिकेच्या लष्कराला खडकाळ वाटेवर धावणारी छोटी गाडी हवी होती. तीन कारखाने चढाओढीत होते. त्यातल्या विलीज कारखान्याचा मुख्य इंजिनिअर होता बार्नी रूस. त्याच्या हाताशी इंजिन होते अठ्ठेचाळीस एचपीचे, तेही मोटारगाडीचे. त्याने इंजिन मोठे केले नाही. माप तेच ठेवले. भाग जास्त काटेकोर बसवले, पिस्टन हलके केले, धातू चांगला वापरला, हवा आणि पेट्रोलची वाट सुधारली. त्याच इंजिनाने साठ एचपी दिले. लष्कराला ते फार पसंत पडले. पण गाडी जड झाली होती. लष्कराची मर्यादा साधारण नऊशे ऐंशी किलोची आणि विलीजची गाडी शंभर किलोहून जास्त वर. दुसऱ्याचे हलके इंजिन घेतले तर साठ एचपी गेले. मग रूसने गाडी खिळखिळी सुटी केली. एकेक भाग तोलला. बोल्ट गरजेपेक्षा लांब असेल तर कापला. जाड पत्र्याच्या जागी पातळ पत्रा घातला. रंगाचेही थर मोजले! आणि गाडी मर्यादेत बसवली. दुसऱ्या महायुद्धात जगभर गेली ती हीच जीप. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि ती आपल्या डोंगरात आली. आमचा पुतण्या मात्र तिच्यावर लोखंड चढवीत होता.

आता खरी गंमत ऐका. जीपच्या आत गिअरच्या मोठ्या दांड्याजवळ दोन लहान दांडे असतात. मिस्त्रींनी विचारले, "हे कधी वापरता?" पुतण्या म्हणाला, "ते चिखलात रुतल्यावर. तसे गंजलेच हायत." मिस्त्री म्हणाले, "म्हंजे घरात पहार ठेवून धोंडा हातानं उचलताय."

पहारेचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. मोठा धोंडा हलवायचा तर पहारेचे लांब टोक हाताने हातभर दाबायचे. धोंडा बोटभरच उचलतो, पण उचलतो. गिअर ही गोल पहारच आहे. इंजिन पुष्कळ फिरते, चाक थोडेच फिरते, पण जोराने फिरते. विलीजच्या नमुन्यावरची जुनी सीजे-३बी जीप घ्या. पहिला गिअर २.८ पट. लहान दांड्याचा लो गिअर २.४६ पट. मागच्या आसातले दाते ५.३८ पट. तिघांचा गुणाकार सदतीस. इंजिनाच्या सदतीस फेऱ्या तेव्हा चाकाची एक फेरी. घर्षणात जाते ते सोडले, तर जोर सदतीसपट. लो गिअर टाकला नाही तर पंधरापटच. म्हणजे तेच इंजिन, तेच डिझेल, आणि ओढ जवळजवळ अडीचपट! वेग मात्र ताशी सहा-सात किलोमीटर. आमच्या जीपचे आकडे थोडे वेगळे आहेत, हिशोब तोच.

ताकद आणि ओढ या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे मला त्या दिवशी नीट कळले. इंजिनाची साठ एचपी ताकद ते जोरात फिरते तेव्हाच मिळते. वरच्या गिअरात चढ लागला की फेऱ्या पडतात. फेऱ्या पडल्या की साठाचे वीस होतात आणि गाडी धापा टाकते. म्हणून चढ लागण्याआधीच खालचा गिअर घ्यायचा. चढाच्या मध्यात गिअर शोधत बसले की गाडी थांबलीच.

दुसरा लहान दांडा फोर व्हीलचा. त्याबद्दल एक गैरसमज आहे. फोर व्हील टाकल्याने ताकद वाढत नाही, पकड वाढते. दोन चाकांनी जमीन धरायची ती चारांनी धरतात. चिखलात, मुरमात, सुट्या खडीवर त्याचा उपयोग. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून फिरू नये. वळताना पुढची चाके आणि मागची चाके सारखे अंतर जात नाहीत. माती सैल असते, चाक थोडे घसरून तो फरक भरून काढते. डांबर घसरू देत नाही. मग आतले दाते पिळवटतात. जुन्या जीपेत फोर व्हील लावल्याशिवाय लो गिअर पडत नाही, म्हणून लो गिअरही कच्च्या रस्त्यावरच वापरायचा.

उंचीचेही थोडे सांगतो, कारण आपल्याकडची पुष्कळ पोरे फौजेत आहेत. जसे वर जावे तशी हवा विरळ होते. साध्या इंजिनाला हवा कमी, म्हणून ताकद कमी. महाबळेश्वराला हे जेमतेम जाणवते. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे हवा तीस टक्के विरळ. इंजिनाचाही दम लागतो, माणसासारखा. टर्बो नावाचा भाग असतो तो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि हवा दाबून आत भरतो. कंपनीतूनच टर्बो लावलेले इंजिन त्या हिशोबाने बांधलेले असते. जुन्या साध्या इंजिनाला बाहेरून टर्बो जोडला तर पिस्टन आणि हेडचे पॅकिंग तो दाब सोसतीलच असे नाही.

आणि मोठे इंजिन? पुतण्याच्या मनातून ते जात नव्हते. मिस्त्रींनी हिशोब दिला. इंजिनाबरोबर क्लच बदलावा लागेल. गिअरपेटी आणि आसाचे दाते साठ एचपीसाठी घडवलेले, ते तुटतील. ब्रेक जुनेच राहतील. वर कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत आपल्या मर्जीने बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. इंजिन बदलायचे तर आधी आरटीओची परवानगी पाहिजे. इंजिनाचा नंबर आरसी बुकात असतो. नंबर जुळला नाही तर पंधरा वर्षांनंतर गाडीची फेरनोंदणी अडते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवते. हे ऐकून पुतण्या गप्प झाला. मला बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

नोझल, क्लच प्लेट, ब्रेकचा सिलिंडर, मूळ मापाचे चार टायर. खर्च झालाच. पण मोठ्या इंजिनाच्या किमतीचा चौथा हिस्साही नाही. जुने मोठे टायर विकून थोडे पैसे परत आले.

दसऱ्याच्या आधी आम्ही मुद्दाम परीक्षा घेतली. तेवढीच माणसे, तेच चार कॅन. गोधडीवर या वेळी तांदळाचे पोते. तिसऱ्या वळणापाशी सपाट जागा आहे. तिथे पुतण्याने गाडी थांबवली, फोर व्हील लावले, लो टाकला आणि दुसऱ्या गिअरात निघाला. चौथे वळण आले. मी खिडकीतून मागे पाहिले. धूर विरळ होता. जीप माणसाच्या भरभर चालीने वर गेली, कुठे अडली नाही. टपावरचे झाकण सैल होते, थोडे दूध सांडले एवढेच.

उतरताना मात्र मला पुतण्याला दटावावे लागले. उतारावर त्याने गाडी न्यूट्रल केली, डिझेल वाचवायला. "अरे," म्हटले, "ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. इंजिन धरते गाडीला. नुसत्या ब्रेकवर सहा किलोमीटर उतरलास तर ब्रेक तापून लागेनासे होतील." त्याने गिअर टाकला. जीप गुरगुरत, सावकाश खाली आली. तांदळाचे पोते उतरवायला सासूबाई आणि सून दोघी अंगणात उभ्या होत्या, मूल कडेवर घेऊन. पोते त्यांचेच होते.